अप्रामाणिकतेचा आरोप आणि उत्तराचा अधिकार : लाउडरमिल निर्णयाचे एक परीक्षण

(१)

नोकराला बडतर्फ करताना जी कारणे दिली जातात त्यांत अप्रामाणिकपणा हे कारण इतरांहून वेगळ्या जातीचे आहे. वेळेवर कामावर न येणे, नेमून दिलेले काम न करणे, कामास लागणारी शारीरिक पात्रता नसणे ही कारणे बाहेरून पाहता येतात आणि बहुधा मोजताही येतात. हजेरीपट पाहिला किंवा वैद्यकीय दाखला पाहिला की वादाचा मोठा भाग संपतो. अप्रामाणिकपणाचे तसे नाही. एखाद्याने लिहिलेले विधान वस्तुस्थितीशी जुळत नाही एवढे कागद ताडून पाहता कळते. परंतु ते विधान करताना त्याला सत्य ठाऊक होते काय, आणि ठाऊक असून दुसऱ्यास फसविण्याचा त्याचा हेतू होता काय, हे कागद सांगत नाही. ते अनुमानाने ठरवावे लागते. आणि ज्याच्या मनाविषयी अनुमान करावयाचे, त्याचेच म्हणणे न ऐकता केलेले अनुमान अपुरे राहते.

आपल्या भाषेतील 'खोटे' हा शब्द या दोन्ही गोष्टी एकाच पोटात सामावून घेतो. हिशेब खोटा ठरतो, नाणे खोटे निघते आणि माणूसही खोटे बोलतो. पण खोटे नाणे दुकानदाराच्या हाती ठेवणारे प्रत्येक गिऱ्हाईक लबाड असतेच असे नाही. त्यालाही ते कोणीतरी दिलेले असते. इंग्रजीतील 'फॉल्स' या शब्दाची हीच गत आहे. विधानाचे खोटेपण आणि माणसाचे खोटेपण यांतील हे अंतर बोलण्याच्या ओघात सहज पुसले जाते. बडतर्फीच्या हुकमात ते पुसले गेले तर मात्र एखाद्याची उपजीविका आणि नाव दोन्ही जातात.

अमेरिकेतील नगरांच्या अग्निशामक दलांत हा प्रश्न विशेष तीव्रतेने उभा राहतो. आगीचा बंब घेऊन आलेल्या माणसाला कोणीही ओळखपत्र न विचारता घराचे दार उघडून देतो. आग कशाने लागली याविषयीचा दलाचा अहवाल विम्याच्या दाव्यात किंवा जाळपोळीच्या फौजदारी खटल्यात महत्त्वाचा ठरू शकतो. अनेक शहरांत हेच जवान रुग्णावर प्रथमोपचार करतात व त्याची नोंद ठेवतात. अशा सेवेत खोटे बोलणारा माणूस ठेवता येणार नाही, असे दलाच्या प्रमुखाने म्हटले तर त्यात गैर काही नाही. उलट बडतर्फ झालेला जवान म्हणतो, "माझी नोंद चुकली असेल, मी खोटे बोललो नाही." तो न्यायालयात जातो तेव्हा तेथे प्रारंभीच एक प्रश्न निघतो: काढून टाकण्यापूर्वी याचे म्हणणे ऐकून घेतले होते काय? या प्रश्नामागचा कायदा ज्या निर्णयाने घडविला तो अग्निशामकाच्या खटल्यात नव्हे, तर शाळा-खात्यातील एका पहारेकऱ्याच्या खटल्यात दिला गेला. क्लीव्हलँड शिक्षण मंडळ विरुद्ध लाउडरमिल हा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९ मार्च १९८५ चा निर्णय होय. तेथील सरकारी व नगरपालिकीय सेवकांच्या बोलण्यात बडतर्फीपूर्वीच्या भेटीला 'लाउडरमिल सुनावणी' असेच नाव पडले आहे. मग सेवक शिक्षक असो, पोलीस असो की अग्निशामक असो.

या निर्णयाची कीर्ती सेवकाला संरक्षण देणारा निर्णय अशी आहे आणि ती अयथार्थ नाही. तथापि त्याची मांडणी बारकाईने वाचली असता असे दिसते की, अप्रामाणिकतेच्या आरोपाचे जे खरे स्वरूप आहे ते न्यायालयाने ओळखले, पण त्यावर आपल्या युक्तिवादाची उभारणी केली नाही. ते त्याने तळटीपेत ठेवले. या मांडणीचे परिणाम काय झाले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

(२)

प्रथम खटल्यातील घटना पाहू. १९७९ मध्ये ओहायो राज्यातील क्लीव्हलँड शहराच्या शिक्षण मंडळाने लाउडरमिल यास पहारेकरी म्हणून नेमले. नोकरीच्या अर्जात त्याने असे लिहिले होते की, आपणांस 'फेलनी'बद्दल, म्हणजे गंभीर वर्गातील गुन्ह्याबद्दल, कधीही शिक्षा झालेली नाही. अकरा महिन्यांनी नोकरीच्या कागदपत्रांची नेहमीची तपासणी चालू असता १९६८ मध्ये त्याला मोठ्या चोरीच्या आरोपाखाली दोषी ठरविल्याचे मंडळास कळले. ३ नोव्हेंबर १९८० च्या पत्राने मंडळाच्या व्यवस्थापकाने त्यास कळविले की, अर्ज भरताना दाखविलेल्या अप्रामाणिकपणामुळे त्यास बडतर्फ करण्यात आले आहे. या आरोपास उत्तर देण्याची संधी त्यास मिळाली नव्हती. १३ नोव्हेंबरला मंडळाने ठराव करून बडतर्फी कायम केली.

ओहायोच्या कायद्यानुसार लाउडरमिल हा वर्गीकृत मुलकी सेवक होता. अशा सेवकास सबळ कारणाशिवाय काढता येत नसे, आणि काढल्यास त्यास मुलकी सेवा आयोगाकडे दाद मागता येत असे. त्याने तशी दाद मागितली. आयोगाने नेमलेल्या चौकशी-अधिकाऱ्यापुढे २९ जानेवारी १९८१ रोजी सुनावणी झाली. तेथे त्याने सांगितले की, १९६८ मधील आपला गुन्हा 'मिसडिमीनर', म्हणजे किरकोळ वर्गातील आहे, अशी आपली समजूत होती. चौकशी-अधिकाऱ्याने त्यास कामावर परत घ्यावे अशी शिफारस केली. पूर्ण आयोगाने मात्र जुलै १९८१ मध्ये बडतर्फी उचलून धरली. प्रथम पत्र हाती पडल्यापासून अंतिम निकाल कळेपर्यंत नऊ महिन्यांहून अधिक काळ लोटला.

त्यानंतर लाउडरमिलने संघीय न्यायालयात फिर्याद केली. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या चौदाव्या दुरुस्तीप्रमाणे (१८६८) कोणत्याही राज्यास कोणाही व्यक्तीचे जीवित, स्वातंत्र्य अथवा मालमत्ता विधिवत् कार्यवाहीवाचून हिरावून घेता येत नाही. आपणांस उत्तराची संधी न देता काढले, ही अशी कार्यवाही नव्हे, हे त्याचे म्हणणे होते. जिल्हा न्यायालयाने फिर्याद काढून टाकली, अपील न्यायालयाने ती अंशतः जिवंत केली, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे गेले. त्याच्यासोबत ओहायोतीलच दुसरे एक प्रकरण जोडले होते. पार्मा येथील शाळांच्या बसगाड्या दुरुस्त करणाऱ्या एका कारागिरास डोळ्यांच्या तपासणीत अनुत्तीर्ण झाल्यामुळे काढले होते. ही दोन प्रकरणे शेजारी ठेवली की पहिल्या परिच्छेदात सांगितलेला भेद आपोआप डोळ्यांपुढे येतो. एकात प्रश्न डोळ्यांचा होता, दुसऱ्यात मनाचा.

(३)

न्यायमूर्ती व्हाइट यांनी बहुमताचा निर्णय लिहिला. त्याची रचना अशी आहे. प्रथम, सबळ कारणावाचून न काढण्याचे आश्वासन राज्याच्या कायद्याने दिले असेल तर ती नोकरी घटनेच्या अर्थाने मालमत्ता ठरते. हे तत्त्व १९७२ मधील रॉथ व सिंडरमन या दोन निर्णयांनी आधीच रूढ झाले होते. दुसरे, मालमत्ता निर्माण करणे राज्याच्या हाती असले तरी ती काढून घेण्याची रीत किती पुरेशी आहे हे राज्य ठरवू शकत नाही. ते घटना ठरविते.

हा दुसरा मुद्दा वादग्रस्त होता. १९७४ मधील आर्नेट विरुद्ध केनेडी या खटल्यात न्यायमूर्ती रेनक्विस्ट यांनी, दोन सहकाऱ्यांच्या पाठिंब्याने, असे मत मांडले होते की, ज्या कायद्याने नोकरीची हमी दिली त्याच कायद्याने तिच्या मर्यादाही घातल्या असतील, तर गोडाबरोबर कडूही पत्करले पाहिजे. लाउडरमिल निर्णयाने हे मत निःसंदिग्धपणे नाकारले. नोकरीच्या हमीचा आशय आणि ती काढून घेण्याची पद्धत या दोन भिन्न गोष्टी आहेत. पद्धत ही आशयाचाच भाग मानली तर घटनेच्या हमीला काही अर्थच उरणार नाही, हा व्हाइट यांचा युक्तिवाद आजही खंडन करण्यास कठीण आहे. एकट्या रेनक्विस्ट यांनी संपूर्ण विरोधी मत दिले.

तिसरा भाग म्हणजे संधी किती व केव्हा द्यावयाची हा. येथे न्यायालयाने १९७६ मधील मॅथ्यूज विरुद्ध एल्ड्रिज या निर्णयाची तराजू वापरली: व्यक्तीचे हित, चुकीचा निर्णय होण्याचा धोका आणि शासनाची सोय. तराजूत तोलून निघालेला निष्कर्ष असा की, बडतर्फीनंतर पूर्ण चौकशीची सोय असेल तर बडतर्फीपूर्वी फार काही लागत नाही. आरोपाची तोंडी वा लेखी सूचना, मालकाकडील पुराव्याचे स्पष्टीकरण आणि आपली बाजू मांडण्याची संधी, एवढे पुरे. या भेटीचा हेतू सत्याचा अंतिम निर्णय करणे हा नसून, आरोप खरे असल्याचे मानावयास रास्त आधार आहे की नाही, हे एकदा पडताळून पाहणे हा आहे. सेवकास कामावर ठेवणे धोक्याचे वाटले तर त्यास पगारासह निलंबित करावे, असाही मार्ग न्यायालयाने दाखविला. अग्निशामक दलासारख्या सेवेत हा मार्ग फार उपयोगी आहे. कारण संशयित माणसास बंबावर न पाठविता त्याचे म्हणणे ऐकण्यास अवधी मिळतो.

येथवर निर्णयाची रचना स्वच्छ आहे. प्रश्न असा की, धोक्याचे मोजमाप करताना अप्रामाणिकतेचा आरोप आणि अधू दृष्टीचा आरोप यांत काही फरक आहे काय? मुख्य मजकुरात हा फरक जवळजवळ दिसत नाही. दोघांपाशीही सांगण्यासारखे काही होते. बडतर्फीच्या प्रकरणांत वस्तुस्थितीविषयी वाद असतात. वस्तुस्थिती स्पष्ट असली तरी शिक्षा योग्य की अयोग्य हा विवेकाचा प्रश्न राहतो. ही सर्व विधाने दोन्ही प्रकरणांस सारखीच लागू पडतात.

(४)

फरक आहे तो तळटीपेत. तेथे न्यायमूर्ती व्हाइट म्हणतात की, लाउडरमिलची बडतर्फी त्यास पूर्वी शिक्षा झाली होती या बाह्य गोष्टीवर किंवा त्याचे विधान चुकीचे होते यावर अवलंबून नव्हती. अर्ज भरताना तो खोटे बोलला काय, या आंतरिक प्रश्नावर ती अवलंबून होती. आणि पूर्वीच्या गुन्ह्यात त्यास केवळ सहा महिन्यांची स्थगित शिक्षा व दंड झाला होता हे लक्षात घेता त्याचे स्पष्टीकरण संभवनीय वाटते.

हे विधान साऱ्या खटल्याचा गाभा आहे. ज्याला प्रत्यक्ष तुरुंगात जावे लागले नाही, ज्याचे प्रकरण दंडावर व स्थगित शिक्षेवर आटोपले, त्या सामान्य माणसाने आपला गुन्हा किरकोळ वर्गातील समजावा यात अशक्य काही नाही. फेलनी व मिसडिमीनर ही वर्गवारी कायद्याची आहे. ती शिक्षेच्या प्रत्यक्ष अनुभवावरून नेमकी ओळखता येत नाही. मंडळाजवळ दोन कागद होते: एक अर्ज, दुसरा न्यायालयाची नोंद. दोन कागदांतील विसंगती हा चुकीचा पुरावा होता, लबाडीचा नव्हता. लबाडी ठरविण्यास लागणारा तिसरा दुवा, म्हणजे अर्ज भरणाऱ्याची समजूत, ही लाउडरमिलकडेच होती. ती खरी की बनावट हे पारखणे मंडळाचे काम होते. पण पारखण्यासाठी प्रथम ती ऐकणे अवश्य होते.

या गोष्टीचे वेगळेपण दुसऱ्या एका निर्णयाशी ताडून पाहता अधिक उठून दिसते. १९७६ मध्ये याच न्यायालयाने फिलाडेल्फिया शहरातील एका अग्निशामकाची बडतर्फी वैध ठरविली. सोळा वर्षे सेवा केलेल्या या माणसाने आपले कायमचे घर न्यू जर्सी राज्यात हलविले होते, आणि नगराच्या सेवकांनी नगरातच राहिले पाहिजे असा नियम होता. नियम कठोर आहे की नाही याविषयी मतभेद होऊ शकेल. परंतु घर कोठे आहे हा प्रश्न वस्तुस्थितीचा आहे आणि तो बाहेरून सुटतो. त्याच अग्निशामकावर नगरातील पत्ता देऊन प्रत्यक्षात बाहेर राहिल्याचा, म्हणजे खोटी माहिती दिल्याचा, आरोप असता तर पत्त्याच्या पुराव्याने अर्धेच काम झाले असते. 'घर' म्हणजे त्याने काय समजले, कोणत्या काळासाठी तो बाहेर गेला, परतण्याचा त्याचा विचार होता काय, हे त्यास विचारल्यावाचून पुढे जाता आले नसते. आरोपाची जात बदलली की ऐकण्याची गरजही बदलते.

दुसरी एक तळटीप याहून कमी लक्षात घेतली जाते. चौकशी चालू असता अप्रामाणिकतेचा डाग आपल्या नावावर लटकत राहिला आणि त्यामुळे आपले स्वातंत्र्य हिरावले गेले, असेही लाउडरमिलचे म्हणणे होते. न्यायालयाने ते दोन ओळींत निकालात काढले. बडतर्फीची कारणे प्रसिद्ध केली गेली असा आरोप फिर्यादीत नाही, म्हणून हा मुद्दा टिकत नाही, हे त्याचे उत्तर होते. १९७६ मधील बिशप विरुद्ध वुड या पोलिसाच्या प्रकरणातील निर्णयाचा त्यास आधार होता. तेथे कारणे त्या पोलिसास खाजगीत सांगितली गेली, म्हणून त्याच्या नावास घटनेच्या अर्थाने बाध आला नाही, असे ठरले होते.

तात्पर्य, मुख्य मजकुरात मालमत्ता आहे. मन आणि नाव ही दोन्ही तळटीपांत आहेत. यावर असा आक्षेप येईल की तळटीप हाही निर्णयाचाच भाग असतो, आणि तिच्या जागेवरून तिचे वजन ठरविणे योग्य नव्हे. आक्षेप एका अर्थी खरा आहे. परंतु न्यायनिर्णय हा पुढील न्यायाधीशांनी, वकिलांनी व अधिकाऱ्यांनी वापरावयाचा मजकूर असतो, आणि वापरात त्याची सूत्रे टिकतात. सूचना, पुराव्याचे स्पष्टीकरण, आपली बाजू ही लाउडरमिलची त्रिसूत्री कार्यालयाच्या नमुना-पत्रांत जाऊन बसली. 'आंतरिक प्रश्न' हे शब्द त्रिसूत्रीत नाहीत. त्यामुळे अप्रामाणिकतेचा आरोप असला म्हणजे ऐकणाऱ्याने अधिक काही करावयाचे असते, ही जाणीव सूत्राबरोबर प्रवास करू शकली नाही.

(५)

ही उणीव निर्णयाच्या वेळीच काहींना जाणवली होती. न्यायमूर्ती मार्शल निकालाशी सहमत होते. पण त्यांचे म्हणणे असे की, वस्तुस्थितीविषयी खरा वाद असेल तर पगार बंद करण्यापूर्वीच साक्षीदार आणण्याची व विरुद्ध पुराव्याचा प्रतिकार करण्याची संधी दिली पाहिजे. न्यायमूर्ती ब्रेनन यांनी विलंबाच्या प्रश्नावर भिन्नमत नोंदविले. बहुमताने नऊ महिन्यांचा विलंब स्वतःच घटनाबाह्य ठरत नाही असे म्हटले. ब्रेनन यांच्या मते त्या विलंबाची कारणे तपासण्यासाठी प्रकरण खाली पाठवावयास हवे होते. बडतर्फीपूर्वीची सुनावणी तोकडी ठेवावयाची ती नंतरच्या पूर्ण सुनावणीच्या भरवशावर. आणि ती पूर्ण सुनावणी नऊ महिने लांबली तरी हरकत नाही, असे म्हणावयाचे, तर दोन्ही बाजूंनी सेवकच तोट्यात राहतो.

रेनक्विस्ट यांचे विरोधी मतही केवळ कर्मठ म्हणून बाजूस सारण्यासारखे नाही. हितांची तराजू हाती घेतली की निश्चित मानदंड राहत नाही आणि असे खटले पुन्हा पुन्हा येत राहतील, हे त्यांचे भाकीत होते. ते बऱ्याच अंशी खरे ठरले. १९९७ मधील गिल्बर्ट विरुद्ध होमार या खटल्यात, गंभीर गुन्ह्याचा आरोप दाखल झालेल्या विद्यापीठाच्या एका पोलिसास विनावेतन निलंबित करण्यापूर्वी सुनावणीची आवश्यकता नाही, असे न्यायालयाने ठरविले. पुन्हा तीच तराजू, पण पारडे दुसरीकडे झुकले.

तथापि आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा पुढील निर्णय म्हणजे १९९८ मधील लाचान्स विरुद्ध एरिक्सन. संघीय सेवकांवर गैरवर्तनाचा आरोप झाला, चौकशीत त्यांनी तो नाकारला. नकार खोटा ठरल्यावर 'खोटे विधान केले' असा दुसरा आरोप त्यांच्यावर ठेवून शिक्षा वाढविण्यात आली. अपील न्यायालयाने म्हटले होते की, आरोप नाकारणे हा उत्तराच्या अधिकाराचाच भाग आहे. सर्वोच्च न्यायालयाने एकमताने हे अमान्य केले. उत्तर देण्याचा अधिकार आहे. खोटे उत्तर देण्याचा नाही. हा निर्णय सरन्यायाधीश रेनक्विस्ट यांनी लिहिला. १९८५ मध्ये एकाकी असलेला आवाज तेरा वर्षांनी, वेगळ्या प्रश्नावर का होईना, सर्वांच्या वतीने बोलत होता.

तत्त्व म्हणून लाचान्स निर्णयात वावगे काही नाही. असत्याला घटनेने आश्रय द्यावा असे कोणी म्हणणार नाही. परंतु लाउडरमिल आणि लाचान्स एकत्र वाचले म्हणजे अप्रामाणिकतेचा आरोप असलेल्या सेवकाची स्थिती चमत्कारिक होते. समजा, एखाद्या अग्निशामकावर आजारपणाची रजा खोटी घेतल्याचा आरोप आहे. त्याने 'मी खरोखर आजारी होतो' असे उत्तर दिले आणि ते मालकास पटले नाही, तर न पटलेले उत्तर हीच दुसरी अप्रामाणिकता ठरू शकते. त्याने गप्प राहावे म्हटले, तर त्याच निर्णयात असे सांगितले आहे की, सेवकाच्या मौनाचाही विचार चौकशी करणाऱ्यास करता येईल. बडतर्फीची धमकी देऊन घेतलेला जबाब फौजदारी खटल्यात वापरता येत नाही, हे १९६७ मधील गॅरिटी निर्णयाने ठरविले आहे. पण ते कवच तुरुंगापासूनचे आहे, नोकरी जाण्यापासूनचे नव्हे.

चोरी, मारहाण, गैरहजेरी यांचा आरोप नाकारला तर आरोप आणि नकार या दोन स्वतंत्र गोष्टी राहतात. अप्रामाणिकतेच्या आरोपात तसे होत नाही. आरोप मान्य केला तर अप्रामाणिकता सिद्ध. नाकारला आणि नकार अविश्वसनीय वाटला तर ती दुप्पट सिद्ध. म्हणूनच येथे उत्तर ऐकणाऱ्याने विधान चुकीचे आहे की जाणूनबुजून केलेले आहे, हा प्रश्न प्रथम वेगळा काढणे अगत्याचे असते. लाउडरमिल निर्णयाने आपली तळटीप मुख्य मजकुरात आणली असती, तर लाचान्स निर्णयाला हा प्रश्न टाळून पुढे जाणे अवघड गेले असते, असे मानावयास जागा आहे.

(६)

भारतीय कायद्याशी या प्रश्नाचा संबंध दोन बाजूंनी येतो. पहिली बाजू सुनावणीच्या काळाची. आपल्या राज्यघटनेच्या ३११ व्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडानुसार केंद्राच्या वा राज्याच्या मुलकी सेवकास, त्यावरील आरोप त्यास कळवून व उत्तराची रास्त संधी देऊन चौकशी केल्यावाचून बडतर्फ करता येत नाही. याला त्या अनुच्छेदातच सांगितलेले काही अपवाद आहेत. १९५७ मधील खेमचंद विरुद्ध भारत सरकार या निर्णयाने रास्त संधी म्हणजे काय हे उलगडून सांगितले: दोष नाकारून आपले निरपराधित्व सिद्ध करण्याची, साक्षीदारांची उलटतपासणी करण्याची व स्वतःचा पुरावा देण्याची, आणि योजलेल्या शिक्षेविरुद्ध म्हणणे मांडण्याची संधी. शिक्षेविषयीची स्वतंत्र संधी १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने गेली. पण बडतर्फीपूर्वी पूर्ण चौकशी हे तत्त्व राहिले. अमेरिकेत आधी थोडे ऐकावयाचे व नंतर पुष्कळ. आपल्याकडे जे ऐकावयाचे ते आधी, असा हा भेद आहे. मुंबईच्या अग्निशमन दलातील सेवक महापालिकेचे असल्याने ३११ व्या अनुच्छेदाचे संरक्षण त्यांस थेट मिळत नाही. त्यांच्या बाबतीत सेवानियम आणि नैसर्गिक न्यायाची तत्त्वे यांचा आधार घ्यावा लागतो.

दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे, आणि तीत लाउडरमिलचाच प्रश्न जवळजवळ त्याच रूपात भारतीय न्यायालयापुढे आला. नोकरीच्या वेळी भरावयाच्या पडताळणी-पत्रकात पूर्वीचा फौजदारी खटला वा शिक्षा लपविली, म्हणून सेवकास काढता येते काय? याविषयी आधीच्या निर्णयांत मेळ नव्हता. २०१६ मध्ये अवतारसिंग विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हा गोंधळ निस्तरण्यासाठी मार्गदर्शक सूत्रे घालून दिली. पत्रकातील माहिती खरी असली पाहिजे, हे पहिले सूत्र. गुन्हा क्षुल्लक होता काय, पत्रकातील प्रश्न नेमका होता काय, पद कोणत्या स्वरूपाचे आहे, हे मालकाने पाहावे, असे पुढे सांगितले आहे. आणि शेवटी असे सूत्र येते की, सत्य दडविल्याचा अथवा असत्य सुचविल्याचा दोष एखाद्यावर ठेवण्यापूर्वी त्या गोष्टीचे ज्ञान त्यास होते, असे म्हणता आले पाहिजे.

न्यायमूर्ती व्हाइट यांच्या तळटीपेतील विचार येथे क्रमांक घातलेल्या सूत्रांच्या पंक्तीत येऊन बसला आहे. या निर्णयाचा सर्वत्र नीट वापर होतो असा दावा करावयाचा नाही. सूत्रे पुष्कळ असली म्हणजे ज्याला जे हवे ते सूत्र तो निवडतो, हा धोका येथेही आहे. पण ज्या विद्यार्थ्यास लाउडरमिलचे वाचन करावयाचे आहे त्याने ते अवतारसिंगच्या शेजारी ठेवून करावे. एकात सुनावणीचा हक्क भक्कम आहे आणि सुनावणीत काय शोधावयाचे ते अस्फुट आहे. दुसऱ्यात काय शोधावयाचे ते स्पष्ट आहे. दोन्ही मिळून एक पुरता विचार होतो.

(७)

वरील विवेचनावरून लाउडरमिल निर्णय सदोष आहे असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. राज्याने दिलेली नोकरी राज्याच्या लहरीवर काढून घेता येणार नाही, आणि काढण्यापूर्वी निदान एकदा तरी माणसाचे तोंड उघडू दिले पाहिजे, हे त्याने पक्के केले. १९८० मध्ये एका पत्राने जे लाउडरमिलच्या बाबतीत घडले ते आज अमेरिकेतील कोणत्याही कायम अग्निशामकाच्या बाबतीत कायदेशीरपणे घडू शकत नाही. हे यश लहान नाही.

परंतु ऐकण्याची संधी कशासाठी, या प्रश्नाचे उत्तर त्या निर्णयात दुय्यम जागी राहिले. मालमत्ता जाणार म्हणून ऐकावयाचे, हे उत्तर डोळ्यांच्या तपासणीस पुरते; अप्रामाणिकतेच्या आरोपास पुरत नाही. तेथे ऐकावयाचे ते यासाठी की, ऐकल्यावाचून आरोपच पुरा होत नाही. विधान चुकीचे आहे, ते चुकीचे असल्याचे सेवकास ठाऊक होते, आणि ते त्याने फसविण्याच्या हेतूने केले, या तीन पायऱ्या आहेत. पहिली कागदावरून चढता येते. उरलेल्या दोन त्या माणसास विचारल्यावाचून चढता येत नाहीत. बडतर्फीच्या ज्या हुकमात पहिल्या पायरीवरून एकदम तिसरीवर उडी मारलेली आढळेल, त्याच्या मागे सुनावणी झाल्याची नोंद असली तरी ती सुनावणी नावापुरतीच झाली, असे समजावे. सेवेची प्रतिष्ठा जितकी मोठी आणि तीत प्रामाणिकपणाची अपेक्षा जितकी कडक, तितका 'अप्रामाणिक' हा शब्द जपून वापरण्याचा भार त्या सेवेच्या चालकांवर अधिक असतो.